‘प्रीडिटर्मिन’ : आधीं ठरवावें काय आणि ठरवूं नये काय

(नभोवाणीवरील भाषण)

आज आपल्यापुढें एका इंग्रजी क्रियापदाविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. तें क्रियापद म्हणजे ‘प्रीडिटर्मिन’. कोशांत पाहिलें तर त्याचा अर्थ एका ओळींत मिळतो : ‘आधीं ठरवणें’, ‘पूर्वीं निश्चित करणें’. अर्थ इतका सरळ असतां त्यावर एवढा वेळ खर्च करण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, हा शब्द एका ठिकाणीं प्रशंसेचा होतो आणि दुसऱ्या ठिकाणीं तोच आरोपाचा होतो. ‘परीक्षेची वेळ प्रीडिटर्मिन केलेली होती’ असें म्हटलें तर ती शिस्त झाली. ‘परीक्षेचा निकाल प्रीडिटर्मिन केलेला होता’ असें म्हटलें तर तो अन्याय झाला. क्रियापद एकच, काळ एकच, प्रयोगही एकच. मग एका वाक्यांत गुण आणि दुसऱ्यांत दोष आला कोठून? याचें उत्तर व्याकरणाच्या पुस्तकांत पुरतें मिळत नाहीं. परंतु शब्दाची नीट उलगड केली तर तें शब्दांतच सांपडतें.

प्रथम उच्चार. आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळीही या शब्दाचा शेवट ‘माइन’ असा करतात. ‘माइन’ म्हणजे खाण. तिचा येथें कांहीं संबंध नाहीं. जोर ‘टर्’ या अवयवावर पडतो आणि शेवट हलका, ‘मिन’ असा होतो : ‘प्री-डि-टर्-मिन’. लिहितांना शेवटीं ‘ई’ हें अक्षर असतें, त्यामुळें ही फसगत होते.

आतां व्युत्पत्ति. ‘प्री’ म्हणजे आधीं, हें सर्वांस ठाऊक आहे. ‘डिटर्मिन’ हा शब्द लॅटिनमधील ‘टर्मिनस’ या नामावरून आला. हें नाम मुंबईकरांना नवें नाहीं. ज्या स्थानकास पूर्वीं व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत, १९९६ सालीं जें छत्रपती शिवाजी टर्मिनस झालें आणि २०१७ सालीं ज्याच्या नांवांत ‘महाराज’ हा शब्द आला, तेथें रूळ संपतात म्हणून तें टर्मिनस. परंतु लॅटिनमध्यें या शब्दाचा मूळ अर्थ स्थानक नव्हे. हद्द, शिवेचा दगड. प्राचीन रोमन लोक या शिवेच्या दगडाला देव मानीत. दरवर्षीं २३ फेब्रुवारीस त्याचा सण होई, आणि त्या दिवशीं दगडाच्या दोन्ही अंगांचे जमीनमालक एकत्र येऊन, आपापल्या बाजूनें हार घालून त्याची पूजा करीत. हें चित्र आपण ध्यानांत ठेवावें. हद्द ठरली ती दोघांनीं मिळून मान्य केलेली. एकानेंच रात्रीं जाऊन दगड पुरला तर ती हद्द नव्हे, तें अतिक्रमण.

ग्रीक भाषेंतही हीच उपमा आहे. ग्रीकमध्यें ‘होरिझो’ म्हणजे हद्द आंखणें. क्षितिजाला इंग्रजींत ‘होरायझन’ म्हणतात तो शब्द यांतलाच. दृष्टीची हद्द तें क्षितिज. बायबलच्या नव्या करारांत, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत, ईश्वरानें आधींच नेमून ठेविलें या अर्थीं जें क्रियापद आहे तें ‘प्रोओरिझो’, म्हणजे ‘आधीं हद्द आंखणें’. अशा रीतीनें ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही भाषांनीं निर्णयाची कल्पना शेतांतल्या दगडावरून उचलली.

या हद्दीच्या दगडापासून ‘डिटर्मिन’ या साध्या क्रियापदाला चार अर्थ फुटले आहेत. पहिला अर्थ ‘संपणें’ किंवा ‘संपवणें’. हा आतां बहुतेक कायद्याच्या भाषेंतच उरला आहे. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११ व्या कलमांत भाडेपट्टा कोणकोणत्या कारणांनीं ‘डिटर्मिन’ होतो हें सांगितलें आहे. तेथें पट्टा ‘ठरतो’ असा अर्थ घेतल्यास मोठाच घोटाळा होईल. तेथें पट्टा संपतो. दुसरा अर्थ ‘ठरवणें’, निर्णय देणें : न्यायालय वाद डिटर्मिन करतें. तिसरा अर्थ ‘शोधून काढणें’ : डॉक्टर रोगाचें कारण डिटर्मिन करतो. कारण काय असावें हें डॉक्टर आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. जें आहे तें तपासून निश्चित करतो. चौथा अर्थ ‘कारणीभूत होणें’ : पाऊस पिकाचें भवितव्य डिटर्मिन करतो.

आतां या चारही अर्थांस ‘प्री’ हा उपसर्ग लावून पाहावा. पहिला अर्थ तत्काळ गळतो; मुदतीआधीं संपलेल्या भाडेपट्ट्यास कोणी ‘प्रीडिटर्मिन’ म्हणत नाहीं. दुसरा आणि चौथा टिकतात. तिसऱ्याचें काय होतें? ‘डॉक्टरनें रोगाचें कारण प्रीडिटर्मिन केलें’ असें म्हणून पाहा. डॉक्टर चांगला, कीं वाईट? नाडी हातांत घेण्यापूर्वीं, रक्त तपासण्यापूर्वीं त्यानें मनाशीं कारण ठरवून टाकलें, असाच या वाक्याचा अर्थ कोणीही इंग्रज घेईल. शोधून काढण्याचा अर्थ नाहींसा झाला आणि केवळ ठरवण्याचा अर्थ मागें राहिला. असें होणें क्रमप्राप्तच आहे. जें अजून तपासलेलें नाहीं तें आधीं ठरवतां येईल, परंतु आधीं शोधून काढतां कसें येईल?

माझ्या मतें या क्रियापदाचें सारें मर्म येथें आहे. ‘डिटर्मिनेशन’ या नामांत दोन क्रिया एकत्र नांदतात : चौकशी आणि निर्णय. ‘प्री’ लागला कीं निर्णय राहतो आणि चौकशी निघून जाते. म्हणून ज्या गोष्टींत चौकशीची गरजच नाहीं तेथें हा शब्द निर्दोष असतो; आणि ज्या गोष्टीचा प्राणच चौकशी आहे तेथें हा शब्द आरोप होतो.

पहिल्या प्रकारचीं उदाहरणें आपल्या घरांत हवीं तेवढीं सांपडतील. पाणी तापवण्याचा गीझर ठराविक तपमानास आपोआप बंद होतो. तें तपमान ‘प्रीडिटर्मिन्ड’. बँकेंतील मुदत ठेवीचा व्याजदर ठेव ठेवतांनाच ठरलेला असतो, तोही तसाच. आगगाडीची वेळ, सभेची गणसंख्या, हप्त्याची रक्कम, या सर्वांना हें विशेषण लावतां येतें, आणि त्यांत निंदेचा लेशही नसतो. उलट या गोष्टी आधीं ठरलेल्या नसत्या तर आपणच तक्रार केली असती. येथें व्याकरणाची एक खूण सांगण्यासारखी आहे. हा शब्द नामापूर्वीं विशेषण म्हणून आला, म्हणजे ‘प्रीडिटर्मिन्ड वेळ’, ‘प्रीडिटर्मिन्ड रक्कम’ असा, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. नामानंतर विधेय म्हणून आला, म्हणजे ‘निकाल प्रीडिटर्मिन्ड होता’ असा, तर बोलणाऱ्याच्या मनांत बहुधा राग किंवा खेद असतो. नियम अपवादरहित नाहीं. परंतु वाचतांना उपयोगी पडतो.

दोन सूचना विद्यार्थ्यांसाठीं. ‘प्रीडिटर्मिन्ड इन ॲडव्हान्स’ असें लिहूं नये. ‘आधीं’ हा अर्थ उपसर्गांत आलाच आहे. तो पुन्हा सांगणें म्हणजे पाण्यांत पाणी ओतणें. आपल्या वृत्तपत्रांतील ‘पूर्वनियोजित कट’ हा प्रयोग याच जातीचा आहे. कट हा नेहमीं पूर्वींच रचलेला असतो. आयत्या वेळीं झाली तर ती मारामारी. दुसरी सूचना अशी कीं, हें क्रियापद थोडें भारदस्त आहे. ‘उद्यां कोणती भाजी करावी हें आम्हीं प्रीडिटर्मिन केलें’ असें म्हटल्यास इंग्रज गृहिणी हंसेल. घरगुती व्यवहारांत ‘आधींच ठरवलें’ या अर्थीं इंग्रजींतही साधे शब्द आहेत, तेच वापरावे.

या क्रियापदाचीं भावंडें पुष्कळ आहेत आणि त्यांची गल्लत होते. ‘प्रीडेस्टिन’ हा शब्द वयानें वडील. तो इंग्रजींत चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला, तर ‘प्रीडिटर्मिन’ सतराव्याच्या पूर्वार्धांत. ‘प्रीडेस्टिन’मध्यें ठरवणारा ईश्वर किंवा दैव असतें. कॅल्विनच्या अनुयायांत या शब्दावरून मोठे वाद झाले. १६४६ सालीं इंग्लंडांत तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मघोषणेंत एक बारकावा दिसतो : ज्यांना मोक्ष मिळावयाचा त्यांच्यासाठीं एक क्रियापद, आणि ज्यांच्या वांट्यास नरक त्यांच्यासाठीं दुसरें, ‘फोरऑर्डेन’. नरकाकडे जाणाऱ्यांसाठीं वेगळा शब्द योजावा असें त्या धर्मशास्त्र्यांना वाटलें, एवढ्यावरून असल्या शब्दांचें वजन लक्षांत येतें. आपल्याकडे मूल जन्मल्यावर सटवाई त्याच्या कपाळीं भविष्य लिहून जाते, असा समज आहे. तिचा तो लेख ‘प्रीडेस्टिन’च्या घरचा, त्यास ‘प्रीडिटर्मिन’ म्हणणें म्हणजे देवीला कारकुनाच्या खुर्चीवर बसवणें होय.

‘प्रीजज’ हें दुसरें भावंड. पुरावा ऐकण्यापूर्वीं मत बनवणें, हा त्याचा अर्थ. ‘प्रेज्युडिस’ म्हणजे पूर्वग्रह, तो याच कुळांतला. प्रीजज करणारा मनुष्य पुष्कळदां अजाणतां तें करतो. त्याला स्वतःला आपण निःपक्षपाती आहों असेंच वाटत असतें. प्रीडिटर्मिन करणारा बहुधा जाणून करतो. म्हणून पहिला मोह आहे, दुसरें कृत्य आहे.

तिसरें भावंड ‘प्रीडिक्ट’, भाकित करणें. पंचांगकर्ते ग्रहणाचा दिवस आणि घटका आधीं सांगतात. म्हणून ग्रहण त्यांनीं ठरवलें असें होत नाहीं. एडमंड हॅली यानें १७०५ सालीं एका धूमकेतूचें गणित प्रसिद्ध केलें आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल असें सांगितलें. हॅली १७४२ सालीं वारला. धूमकेतू १७५८ च्या नाताळांत दिसला. तो हॅलीच्या आज्ञेनें आला नाहीं. सूर्याच्या व ग्रहांच्या आकर्षणानें आला. आधीं जाणणें वेगळें आणि आधीं ठरवणें वेगळें. हा भेद साधा वाटतो, पण आपण रोजच्या बोलण्यांत तो विसरतों. ‘तूं नापास होणार हें मला आधींच ठाऊक होतें’ असें जो बाप म्हणतो, त्यानें नुसतें भाकित केलें कीं त्याला हातभारही लावला, हें ज्याचें त्यानें पाहावें.

निसर्गाच्या बाबतींत हें क्रियापद किती जपून वापरावें याचें एक सुंदर उदाहरण आपल्या कोंकणांत आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्री कांसवें अंडीं घालतात, आणि गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांचें संरक्षण होतें. माणसाचें मूल मुलगा कीं मुलगी हें गर्भधारणेच्या क्षणींच, गुणसूत्रांवरून ठरतें. कांसवांचें तसें नाहीं. अंडें वाळूंत पडतें तेव्हां आंतील जीव नर कीं मादी हें ठरलेलेंच नसतें. पुढें वाळूच्या उष्णतेवरून तें ठरतें. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात. म्हणजे अंडें घातलें त्या दिवसापुरतें बोलावयाचें तर कांसवाचें लिंग ‘डिटर्मिन’ होतें, परंतु ‘प्रीडिटर्मिन’ झालेलें नसतें. एका उपसर्गांत शास्त्राचा केवढा फरक सामावला आहे, पाहा!

निसर्ग सोडून आपण आतां माणसाच्या कारभाराकडे वळूं; कारण या शब्दाची खरी कसोटी तेथें लागते. इंग्लंडमधील एक प्रसिद्ध प्रकरण सांगतों. लंडनच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर स्टीव्हनेज नांवाचें एक लहान, जुनें गांव होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची दाटी कमी करण्यासाठीं नवीं शहरें वसवावीं असें सरकारच्या मनानें घेतलें, आणि पहिली निवड स्टीव्हनेजची झाली. नगररचना खात्याचे मंत्री लुईस सिल्किन ६ मे १९४६ रोजीं स्वतः गांवांत सभेस आले. ज्यांची घरें आणि शेतें जाणार होतीं ते लोक संतापलेले होते. सभेंत आरडाओरड झाली, आणि मंत्र्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, योजना पुढें जाणारच, कारण ती पुढें गेलीच पाहिजे. त्या दिवशीं नव्या शहरांचा कायदा मंजूरही झालेला नव्हता. तो १ ऑगस्टला मंजूर झाला. त्यानंतर कायद्याप्रमाणें मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या, ऑक्टोबरांत जाहीर चौकशी झाली, आणि ११ नोव्हेंबर १९४६ रोजीं स्टीव्हनेज हें पहिलें नवें शहर म्हणून जाहीर झालें. गांवकऱ्यांनीं रेल्वे स्थानकावर ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी लावून आपला राग व्यक्त केला.

हरकत घेणारांचें म्हणणें आपण समजून घेतलें पाहिजे. मंत्र्यानें मे महिन्यांतच ‘होणारच’ म्हटलें. मग ऑक्टोबरांत चौकशी कशाची? फ्रँकलिन आदि मंडळींनीं न्यायालयांत दाद मागितली. पहिल्या न्यायाधीशानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. अपील न्यायालयानें तो फिरवला, आणि १९४७ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनेंही मंत्र्यांचीच बाजू उचलून धरली. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, मंत्री हा येथें न्यायाधीश नव्हे, कारभारी आहे. त्याच्या मनांत धोरण असणारच. त्यानें चौकशीचा अहवाल आणि हरकती यांचा प्रामाणिकपणें विचार केला कीं नाहीं, एवढाच प्रश्न. आणि त्यानें तो केला नाहीं असा पुरावा नाहीं. योजना पुढें गेली. २०२१ च्या शिरगणतींत त्या शहराची लोकसंख्या सुमारें एकोणनव्वद हजार भरली.

आज विचार करतां दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. ज्या मंत्र्याच्या मनांत कांहींच ठरलेलें नाहीं तो लोकांच्या काय कामाचा? आणि ज्याच्या मनांत सर्वच ठरलेलें आहे त्याच्यापुढें हरकत घेण्यांत काय अर्थ? हा पेंच सोडवण्यास इंग्लंडला आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. तेथील नगरसेवकांची पुढें अशी अडचण होऊं लागली कीं, निवडणुकींत ‘मी या रस्त्याच्या विरुद्ध आहें’ असें बोललें, तर निवडून आल्यावर त्या रस्त्याच्या प्रश्नावर मत देण्याचीही भीति वाटावी. कोणी तरी ‘प्रीडिटर्मिनेशन’चा आक्षेप घेईल. मग २०११ च्या ‘लोकॅलिझम ॲक्ट’ या कायद्याच्या २५ व्या कलमांत असें सांगण्यांत आलें कीं, एकाद्यानें पूर्वीं आपला कल बोलून दाखवला, एवढ्यावरूनच त्याचें मन बंद होतें असें धरूं नये. कल असणें म्हणजे ‘प्रीडिस्पोझिशन’, तो चालतो. मन बंद असणें म्हणजे ‘प्रीडिटर्मिनेशन’; तें चालत नाहीं. न्यायाधीश, मंत्री, मुख्याध्यापक, घरांतील वडील माणूस, या प्रत्येकाला कल असतो. दरवाजा लोटलेला असावा; त्याला आंतून कडी नसावी, एवढेंच मागणें आहे.

आपल्या देशांतील सर्वोच्च न्यायालयानेंही या कडीकडे बोट दाखवलें आहे. २०१० सालीं ‘ओरिक्स फिशरीज’ या समुद्री माल निर्यात करणाऱ्या कंपनीचें प्रकरण त्यापुढें आलें. कंपनीची नोंदणी रद्द कां करूं नये, याची कारणें दाखवा, अशी नोटीस तिला देण्यांत आली होती. आणि त्याच नोटिशींत, कंपनीनें हलका माल पाठवल्याचें सिद्ध झालें आहे, असेंही लिहिलें होतें. सिद्धच झालें आहे तर कारणें कसलीं दाखवावयाचीं? न्यायालयानें ठरवलें कीं, नोटीस मिळणारास आपलें उत्तर म्हणजे केवळ एक रिकामा उपचार आहे असें वाटतां कामा नये. नोटिशींत आरोप असावा, निकाल असूं नये. कचेऱ्यांतून नोटिसा लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानें हा भेद भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

इसापानें ही गोष्ट फार पूर्वीं सांगून ठेवली आहे. ओढ्यावर लांडगा कोंकराला म्हणतो, तूं माझें पाणी गढूळ केलेंस. कोंकरूं सांगतें, मी तर खालच्या अंगाला आहें. लांडगा दुसरा आरोप काढतो. कोंकरूं त्याचेंही उत्तर देतें. शेवटीं आरोप संपतात, पण भूक संपत नाहीं, आणि लांडगा त्याला खातो. या गोष्टींत कोंकराची प्रत्येक सबब खरी आहे, आणि एकही उपयोगाची नाहीं. लांडग्यानें नुसतें खाल्लें असतें तर तें क्रौर्य झालें असतें; त्यानें आधीं प्रश्न विचारले, म्हणून तें ढोंगही झालें. लुईस कॅरल यांच्या ॲलिसच्या गोष्टींतील राणी त्या मानानें प्रामाणिक म्हणावी. ती शिक्षा आधीं आणि निर्णय मागाहून, असें उघडच म्हणते.

मराठींत या क्रियापदाला प्रतिशब्द काय द्यावा? ‘पूर्वनिश्चित करणें’ हा जवळचा आहे. ‘पूर्वनिर्धारित’ हा शास्त्रीय ग्रंथांत चालतो. ‘पूर्वनियोजित’ मात्र थोडा वेगळा. नियोजन म्हणजे बेत. बेत फसूं शकतो. पूर्वनियोजित सामना म्हणजे ज्याचा दिवस ठरला आहे असा सामना; पूर्वनिश्चित सामना म्हणजे ज्याचा विजेता ठरला आहे असा. दोहोंत प्रामाणिकपणाएवढें अंतर आहे.

परंतु आपल्या भाषेची खरी शक्ति ‘ठरणें’ आणि ‘ठरवणें’ या जोडींत आहे. इंग्रजींत कर्मणि प्रयोग करून कर्ता झांकावा लागतो. मराठींत ‘ठरलें’ एवढें म्हटलें कीं कर्ता आपोआप अदृश्य होतो. ‘लग्न ठरलें.’ कोणीं ठरवलें? ‘दादानें इंजिनिअर व्हावयाचें ठरलें आहे.’ कोणाच्या मनांत ठरलें? विद्यार्थ्यांस इंग्रजी वाक्य मराठींत करावयास सांगितलें कीं ते चटकन ‘ठरलेलें होतें’ असें लिहून मोकळे होतात. त्यांस मी नेहमीं सांगत असें कीं, आधीं कर्ता शोधा. तो वाक्यांत नसेल तर गोष्टींत असेल.

हीच संवय घरांतही उपयोगी पडते. दहावीचा निकाल लागतो; बाप, आई, काका एकत्र बसतात आणि मुलीला विचारतात, ‘बाळ, तुला पुढें काय शिकावयाचें आहे?’ प्रश्न प्रेमळ आहे. परंतु प्रवेशाचा अर्ज आधींच भरलेला असेल तर ती चौकशी स्टीव्हनेजच्या गांवकऱ्यांना वाटली तशीच मुलीला वाटते. ती म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तें.’ आईबापांस वाटतें, मुलगी किती समजूतदार! वास्तविक, दरवाजाला कडी आहे हें तिनें ओळखलेलें असतें. यापेक्षां ‘आमचा कल अमुक आहे, तुझें म्हणणें पटलें तर तो बदलूं’ असें सांगणारा बाप अधिक सरळ. त्यानें आपला कल लपवला नाहीं, आणि मनही बंद केलें नाहीं. आणि असा सरळपणा नसेल, निर्णय खरोखरच झाला असेल, तर ‘आम्हीं ठरवलें आहे’ असें उघड सांगावें. तें कठोर आहे, पण निदान त्यांत कर्ता तरी दिसतो.

परीक्षकाचें काम पाहिलें म्हणजे या दोन बाजूंचा मेळ कसा घालावा हें कळतें. चांगला परीक्षक उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वीं कोणत्या मुद्द्यास किती गुण हें ठरवून ठेवतो. तें त्यानें आधीं ठरवलें नाहीं तर पहिल्या विद्यार्थ्यास एक न्याय आणि पन्नासाव्यास दुसरा होईल. परंतु कोणत्या विद्यार्थ्यास किती गुण हें तो आधीं ठरवीत नाहीं. म्हणून तर उत्तरपत्रिकेवर नांव नसतें, क्रमांक असतो. माप आधीं ठरावें, मोजणी नंतर व्हावी. तराजू आधीं तपासून ठेवावा. पारडें कोणत्या बाजूस झुकेल हें आधीं ठरवूं नये. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे. परीक्षेची वेळ हें माप आहे, म्हणून ती आधीं ठरवणें गुण. निकाल ही मोजणी आहे, म्हणून तो आधीं ठरवणें दोष.

तेव्हां यापुढें वृत्तपत्रांत, न्यायालयाच्या निकालांत किंवा कचेरीच्या कागदांत हा शब्द दिसला म्हणजे तीन प्रश्न विचारावे. कोणीं ठरवलें? कधीं ठरवलें? आणि जें ठरवलें तें माप होतें कीं मोजणी? तिन्हींचीं उत्तरें मिळालीं तर शब्दाचा अर्थ कोश न उघडतां कळेल; आणि तो शब्द आपण स्वतः दुसऱ्याविषयीं वापरावा कीं नाहीं, हेंही कळेल. कारण पुरावा न पाहतां ‘यांचें सारें आधींच ठरलेलें होतें’ असें म्हणणें, हेंही आधीं ठरवणेंच होय.